रविवारचा थांबा

अश्विनीनं सवयीनं ब्रेक दाबले आणि मागून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं चाक तिच्या चाकाला घासता घासता राहिलं.

"अहो मॅडम, काय करताय! आज इथं थांबायचं नाही. मेसेज नाही का वाचला?"

मेसेज तिनं वाचला होता. पण फाटा जवळ आला, चिंचेच्या झाडाआडून भट्टीचा धूर दिसला आणि भाजत्या मैद्याचा वास आला की हात आपोआप ब्रेककडे जायचे, तसे ते आजही गेले. तिनं पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. सगळ्यांच्या पुढं मच्छिंद्र सर मान खाली घालून चालले होते. चढावरसुद्धा ते कधी अशी मान घालत नसत. त्यांच्यामागं ज्ञानेश्वर, मग बाकीचे, सगळे एका रांगेत, कुणी कुणाशी न बोलता.

रशीदभाई बेकरीच्या पायरीवर उभे होते. बाकडं पुसून रस्त्याच्या कडेला मांडलेलं होतं आणि त्यांच्या हातात चहाच्या ग्लासांचा ट्रे होता. पहिल्या सायकली निघून गेल्या तेव्हा त्यांना वाटलं असावं, मंडळी वेगाच्या नादात पुढं गेली. त्यांनी ट्रे बाकड्यावर ठेवला आणि हात वर करून हाक मारली.

"ओ सर! ओ मंडळी!"

कुणी वळून पाहिलं नाही. अश्विनीनं पाहिलं, आणि त्यांची नजर आपल्यापर्यंत पोचायच्या आत मान फिरवली.

संगमनेरहून अकोले गावाच्या रस्त्यानं दर रविवारी जाणारी ही सायकलवाली मंडळी फार मोठी नव्हती. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक मच्छिंद्र सर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला ज्ञानेश्वर, दातांचे डॉक्टर, बँकेत नोकरी करणारं एक नवरा-बायकोचं जोडपं आणि आणखी काही जण. अश्विनी दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आठवडाभर दुधाच्या नमुन्यांवर मान वाकवून बसल्यावर प्रवरेच्या कडेकडेनं, उसाच्या आणि टोमॅटोच्या वावरांमधून सायकल हाकणं ही तिची आठवड्यातली एकुलती एक चैन होती. आणि खरं सांगायचं तर सायकलिंगचं निमित्तच जास्त होतं. सगळ्यांचं लक्ष असायचं फाट्यावरच्या बेकरीकडे.

रशीदभाईंची भट्टी अजून लाकडावरची होती. मंडळी पोचायची त्या सुमाराला खारीचा पत्रा बाहेर निघायचा. ती खारी हातात धरली की पदर सुटून मांडीवर भुगा सांडायचा आणि चहात बुडवायला जरा उशीर झाला तर निम्मी खाली पडायची, निम्मी ग्लासात. मच्छिंद्र सर गोल, कडक जिरा बटर मागायचे आणि दातांच्या डॉक्टरांना चिडवायचे, "एक दात पडला तर तुमचंच गिऱ्हाईक वाढतंय." डॉक्टर क्रीमरोल खायचे, मिशीला क्रीम लावून घ्यायचे. चाळिशी-साठीतली माणसं शाळेच्या सहलीला आल्यासारखी हसायची, आणि रशीदभाई कुणाचा ग्लास रिकामा राहू द्यायचे नाहीत.

अश्विनीला त्या थांब्याचं आणखी एक कारण होतं. ते ग्रुपातल्या पुरुषांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. त्या सगळ्या रस्त्यावर बाईमाणसाला जाण्यासारखी जागा नव्हती. पहिल्या का दुसऱ्याच रविवारी ती अशीच अवघडून बाकड्याच्या टोकाला उभी होती, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या रशीदभाईंच्या बायकोनं, सबिहानं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आत या." बस, तेवढंच. भट्टीच्या मागं त्यांचं राहतं घर होतं. सबिहानं तिला घरातून मागं नेलं. धुतलेला संडास, भट्टीवर तापलेल्या पाण्याची बादली, दोरीवर घडी घातलेला कोरा पंचा. तेव्हापासून दर रविवारी ती बादली तयार असायची. तोंड धुऊन झालं की दोघी मागच्या खोलीतल्या कॉटवर घटकाभर बसायच्या. सबिहाची मुलगी फलक संगमनेरला फार्मसी शिकत होती, तिच्याबद्दल बोलणं व्हायचं. अश्विनीची आई गेली त्या महिन्यात सबिहा काहीच बोलली नव्हती, नुसता तिचा हात हातात घेऊन बसली होती, आणि बाहेर मंडळी "चला, ऊन होतंय" म्हणून घंट्या वाजवत असताना, "वाजवूं द्या त्यांना" म्हणाली होती.

दर दिवाळीच्या आधी अश्विनी घरचं तूप, रवा, पिठीसाखर तिच्याकडे आणून द्यायची आणि सबिहा नानकटाई भाजून ठेवायची.

थांबा बदलायचं ठरलं ते असं. ज्ञानेश्वरनं एका रात्री ग्रुपवर कुठून तरी आलेला मेसेज पुढं ढकलला. कुणाच्या हातचं खावं आणि कुणाच्या हातचं खाऊ नये, असा. त्या वर्षी ज्ञानेश्वरची ऊठबस मोठ्या लोकांत सुरू झाली होती. दोन दिवस त्यावर कुणीच काही बोललं नाही. मग मच्छिंद्र सरांचा मेसेज आला. या रविवारपासून आपला थांबा बदलत आहोत, फाट्याच्या पुढे नवीन चहाचं हॉटेल झालं आहे, तिथे थांबू, सर्वांनी सहकार्य करावे.

अश्विनी तेव्हा प्रयोगशाळेत होती. तिनं "का?" असं लिहिलं आणि खोडलं. "रशीदभाईंना कळवलं का?" असं लिहिलं, तेही खोडलं. तोवर मेसेजखाली एकेक अंगठा उमटत चालला होता. डॉक्टरांचा, बँकेतल्या दोघांचा. आपलाच नाही हे दिसून येईल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनंही अंगठा दाबला.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. आदिनाथ पेपर वाचत होता. "तू एकटीनं कशाला वाईटपणा घेतेस?" तो म्हणाला. "चहाच प्यायचा ना, इथं काय अन् तिथं काय."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

नव्या हॉटेलात सगळं चकचकीत होतं. खुर्च्या होत्या, भिंतीवर मोठा टीव्ही होता. खायला पिशवीतले क्रीमबन होते, नाशिकहून येणारे. संडासाला कुलूप होतं, चावी मालकाकडे आणि मालक गावात. मग अश्विनीनं रविवारी सकाळी पाणी पिणंच सोडून दिलं. परतीच्या वाटेवर तिचं डोकं दुखायचं. खुर्च्यांवर बसून सगळे मोबाईल बघायचे आणि चहा संपला की उठायचे. दातांच्या डॉक्टरांना आता कुणी चिडवत नव्हतं.

फाट्यावरून जाताना पुढच्या रविवारी बाकडं होतं, पण ट्रे नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला बाकडंही आत घेतलेलं होतं. पायरीवर कुणी उभं नव्हतं. वास मात्र तसाच येत होता, आणि त्या टप्प्यात सगळ्यांचा वेग वाढायचा.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा अश्विनीनं लोणी कढवलं. तूप गाळून स्टीलच्या बरणीत भरलं. आदिनाथ म्हणाला, "गावातल्या बेकरीत दे ना, बसस्टँडसमोर आहे की." ती "बघू" म्हणाली. मंगळवारी तिनं रजा टाकली, पाठीवरच्या सॅकमध्ये बरणी आणि पिशव्या भरल्या आणि उजाडता उजाडता सायकल काढली. एकटी ती कधीच एवढ्या लांब गेली नव्हती. वाटेत टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो तिला ओलांडून संगमनेरकडे चालले होते. सबिहाला काय सांगायचं, ते ती मनाशी जुळवत होती. आपण माफी मागायची, असं तिनं ठरवलं. सगळ्यांच्या वतीनं नको. आपली आपणच मागायची. चढ लागला तसं ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणता म्हणता तिला बरं वाटायला लागलं. निदान आपण तरी आलो. बाकीच्यांना तेवढंही सुचलं नाही.

बेकरीच्या पायरीशी तिनं सायकल टेकवली. गल्ल्यावर सबिहा एकटीच होती. अश्विनीला पाहून ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते इतकं जुनंच होतं की अश्विनीचे जुळवलेले शब्द कुठल्या कुठं गेले.

"या की, ताई. पर आदी सायकल मागं घ्या. हितं रस्त्यावरून दिसती."

"दिसू दे ना भाभी."

"नका. समोर पंक्चरवाल्याकडं लोक बसलेली असत्यात. उगाच तुमाला कशाला तरास." ती बाहेर आली, तिनं स्वतःच सायकलचं हँडल धरलं आणि बोळातून मागं नेलं. जळणाच्या ढिगामागं सायकल उभी करून तिनं वर मैद्याचं रिकामं पोतं टाकलं. हे सगळं तिनं इतकं सहज केलं की अश्विनी नुसती मागं मागं चालत राहिली.

मागच्या खोलीत काही बदललं नव्हतं. सबिहानं न विचारता बादली भरून आणली. अश्विनी तोंड धुऊन आली तेव्हा कॉटवर चहा आणि बशीत खारी ठेवलेली होती.

"लई दिवसांनी आला," सबिहा म्हणाली.

"वेळच मिळाला नाही." हे बोलल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला. दर रविवारी ती याच दारावरून जात होती आणि सबिहाला ते दिसत होतं.

"व्हय, दिवाळीची कामं असत्यात." सबिहानं बरणीचं झाकण उघडून तुपाचा वास घेतला. "झ्याक झालंय. रवाळ. देते की भाजून."

"रशीदभाई कुठं आहेत?"

"अकोल्याला गेल्यात, दवाखान्यात. काळजीचं न्हाई काय. बीपी वाढलं हुतं." तिनं बरणीचं झाकण परत लावलं. "पैल्या रविवारी त्यांना लई लागलं, ताई. दिसभर एकच. चहात साखर कमी पडली का, खारी कच्ची निगाली का, कुनाला काय बोललो का मी. मीच म्हनलं शेवटी, चहाचं न्हाई हो ते. मंग गप बसले."

अश्विनीनं बशी खाली ठेवली. आता बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात मागच्या बोळात मोटारसायकल येऊन थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला आणि मग ओळखीचं खाकरणं.

"भाभी, खारी निघाली का?"

मच्छिंद्र सर.

अश्विनी कॉटवरून उठली. का उठली, कुठं जायला निघाली, हे तिलाही कळलं नाही. खोलीच्या आत स्वयंपाकघर होतं आणि मधे जाड कापडाचा पडदा. पुढच्या क्षणी ती त्या पडद्याआड उभी होती, हात भिंतीला टेकवून, श्वास रोखून. सबिहानं एकदा पडद्याकडे पाहिलं. कॉटवरची बशी आणि ग्लास उचलून तिनं खिडकीत सरकवले आणि मागचं दार उघडलं.

"निगतीय, सर. या, बसा."

"बसत नाही. नातू उठायच्या आत पोचायचंय. त्याला तुमच्याच खारीची सवय." सरांच्या आवाजात रविवारचा जोर नव्हता. "रशीदभाई?"

"दवाखान्यात गेल्यात. बरं हाय आता."

"गोळी चुकवू देऊ नका. मिठावर लक्ष ठेवा. माझ्या बायकोचंही असंच झालं होतं." भट्टीकडून पत्रा सरकवल्याचा आवाज आला. कागदात खारी बांधल्याची चुरचुर. "भाभी, राग नाही ना?"

"आमी कुटं काय म्हनतोय, सर."

"तेच तर. तुम्ही म्हणत नाही. ज्ञानेश्वर घरी आला होता माझ्या. चार लोक घेऊन. म्हणाला, सर, ग्रुप तुमचा आहे, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. पण लिहिताना मला वाटलं होतं भाभी, एकजण तरी विचारेल. डॉक्टर विचारतील, अश्विनी मॅडम तरी विचारतील, त्यांचं तर तुमच्याकडे येणंजाणं. एकानं जरी 'का' म्हणून विचारलं असतं, तर मी त्याला सांगू शकलो असतो, की बाबा, मंडळी तयार नाहीत. मेसेज काढून टाकला असता. रात्री झोपेपर्यंत मी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो. सगळ्यांनी अंगठे दिले."

पडद्याआड अश्विनीचा हात वर गेला. पडद्याच्या कापडाला बोटं लागली. दोन पावलांवर सर उभे होते. नुसता पडदा बाजूला करायचा होता. सर, मी लिहिलं होतं, असं म्हणायचं होतं. लिहून खोडलं होतं, पण लिहिलं होतं. आपण दोघं आहोत म्हणजे आता येत्या रविवारी थांबता येईल. पण पडदा सरकवला की आपण इथं आधीपासून लपून उभ्या होतो, हे सरांना दिसणार, आणि सर मागच्या दारानं येतात हे आपल्याला दिसलं, हे त्यांना कळणार. त्या एका क्षणात दोघांचे चेहरे कसे होतील, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. बोटं कापडावर तशीच राहिली.

"ग्रुपात कुणाला सांगू नका, मी येतो ते," सर म्हणाले.

"न्हाई सांगत."

"येतो मग."

मोटारसायकल सुरू झाली, बोळातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागून तिचा आवाज विरून गेला, तरी अश्विनी तिथंच उभी होती. शेवटी सबिहानंच पडदा बाजूला केला.

"गेले. या भाईर. चहा गार झाला असंल, दुसरा ठिवते."

"नको भाभी." अश्विनी पडद्याबाहेर आली. "मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

"मला ठावं हाय, ताई." सबिहानं तिच्या खांद्यावरचं कोळिष्टक झटकलं. "समदे त्येच सांगाया येत्यात. ऱ्हाऊं द्या."

तिनं रव्याच्या आणि साखरेच्या पिशव्या उचलून फळीवर नीट लावल्या, तुपाची बरणी त्यांच्या शेजारी ठेवली. मग ती मागच्या दाराशी गेली, बोळात डोकं काढून आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या. सायकलवरचं पोतं काढलं, सीटवर पडलेला मैदा पदरानं पुसला. अश्विनीनं सॅक पाठीला लावली आणि बाहेर येऊन हँडल हातात घेतलं. पुढच्या दारानं जाते, असं म्हणावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. सायकलचं तोंड बोळाकडे होतं.

"नानकटाई न्यायला कधी येऊ?" तिनं विचारलं.

सबिहानं जरा विचार केला, घरातल्या पाहुण्यांची झोपायची सोय लावताना करतात तसा.

"मंगळवार आन् शुक्रवार सरांचा असतो. बेस्तरवारी डाक्टर येत्यात, सांजच्याला. बँकेतली दोघं शनिवारी, पर तीबी येगयेगळी येत्यात, एकमेकांस्नी ठावं न्हाई." ती हसली नाही. "समोरासमोर गाठ पडली की मानसाला कसंनुसं हुतं. तुमी बुधवारी येत जावा, ताई. बुधवार मोकळा हाय."

"बरं," अश्विनी म्हणाली.